आधी पंगत, मग पश्चात्ताप

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक वाक्य सारखं कानावर येतं, "आधी सुधारू दे, मग बघू." दारू पिणाऱ्या माणसाबद्दल येतं, नवऱ्याला सोडून आलेल्या बाईबद्दल येतं, आणि जेलमधनं सुटून आलेल्याबद्दल तर हमखास येतं. म्हणणारी माणसं वाईट नाहीत. उपास-प्रार्थना करणारी, कमाईचा दशांश न चुकता चर्चला देणारी, कुणाचं पेशंट असलं तर रात्री-अपरात्री सीपीआर हॉस्पिटलला धावत येणारी माणसं आहेत. तरी मला हे वाक्य खुपतं, कारण इतकी वर्षं संडे स्कूलच्या पोरांना शुभवर्तमान शिकवताना मला एक गोष्ट पक्की दिसत गेलीय की येशूनं हा क्रम कधी ठेवलाच नाही. तो आधी जवळ जातो, हात लावतो, एका ताटात जेवतो, आणि मग त्या माणसाच्या आत काहीतरी हलायला लागतं. आपण म्हणतो आधी हलू दे, मग जवळ घेऊ.

जक्कयाचंच बघा, लूकच्या शुभवर्तमानाचा 19 वा अध्याय. बुटका माणूस उंबराच्या झाडावर चढला एवढंच पोरांच्या लक्षात राहतं, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांच्याही तेवढंच राहतं. पण तो कोण होता हे नीट समजून घेतलं तर त्या गोष्टीतला धक्का कळतो. यरीहो हे यार्देन ओलांडून यरुशलेमकडं जाणाऱ्या वाटेवरचं गाव, तिथनं व्यापारी माल जायचा, त्यावर जकात लागायची. ती वसुली ठेक्यानं दिलेली असायची, म्हणजे ठरलेली रक्कम वर भरायची आणि त्याच्यावर लोकांकडनं जे काढाल ते तुमच्या खिशात. जक्कय नुसता जकातदार नव्हता, मुख्य जकातदार होता, म्हणजे सगळ्या नाक्यांवरच्या कमाईतला वाटा त्याच्याकडं येत असणार. आणि हे सगळं परक्या रोमी सत्तेसाठी, आपल्याच लोकांना पिळून. अशा माणसाला गाव काय म्हणत असेल ते सांगायला नको.

येशू झाडाखाली थांबतो आणि म्हणतो, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. हे झालं पाचव्या वचनात. सातव्या वचनात लोक कुरकुरतात की हा पापी माणसाच्या घरी उतरायला गेला. आणि आठव्या वचनात जक्कय उभा राहून म्हणतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं काही अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. पाच, सात, आठ. घरी येतो म्हणणं आधी, कुरकुर मधे, पश्चात्ताप नंतर. येशूनं झाडाखालून "आधी हिशोब दाखव" असं म्हटलं असतं तर मला वाटतं जक्कय वरच बसून राहिला असता, कारण हिशोब मागणारी माणसं त्याला रोजच भेटत होती, घरी येतो म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

लूकच्या 15 व्या अध्यायातले तिन्ही दाखले, हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि ते दोन मुलगे, हे सुद्धा याच भांडणातनं आलेत. अध्यायाची सुरुवात वाचा, परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्माचे नियम कडक पाळणारी आणि शिकवणारी माणसं, कुरकुर करतात की हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो. तक्रार जेवण्याबद्दल आहे, उपदेशाबद्दल नाही. पापी लोकांना उपदेश केला तर कुणाची हरकत नव्हती.

आता आपण कोल्हापूरची माणसं, आपल्याला पंगतीचं आणि चहाचं राजकारण कुणी समजावून सांगायला नको. राजवाड्यातल्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम कांबळेंनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मार खावा लागला, ते शाहू महाराजांना कळलं, आणि महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली, ही गोष्ट इथं लहानपणापासनं प्रत्येकानं ऐकलेली असते. महाराज नुसती मदत करून थांबले नाहीत, स्वतः तिथं जाऊन चारचौघांत चहा प्यायचे. 1902 साली 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढणारा राजा, त्याला अजून एखादा हुकूम काढणं अवघड नव्हतं, पण त्या माणसाच्या हातचा चहा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिणं हे हुकुमानं होणारं काम नव्हतं. हे ख्रिस्ती शिकवणीचं उदाहरण म्हणून मी देत नाहीय, महाराजांची वाट वेगळी होती, पण जवळ घेणं म्हणजे नेमकं काय ते आपल्या गावात लोकांनी डोळ्यांनी बघितलंय एवढंच म्हणायचंय.

आणि इथंच एक महत्त्वाचा फरक करायला पाहिजे जो आपल्या उपदेशांत नेहमी राहून जातो. गंगाराम कांबळेंनी काही पाप केलं नव्हतं. पश्चात्ताप करायचा होता तो मारणाऱ्यांनी. शुभवर्तमानात सुद्धा बाहेर टाकलेली माणसं दोन प्रकारची आहेत आणि आपण दोघांना एकाच पोत्यात भरतो. जक्कयानं लोकांना खरंच लुबाडलं होतं. पण कुष्ठरोग्यानं काय केलं होतं? जुन्या करारात लेवीयच्या 13 व्या अध्यायात त्याच्यासाठी नियम आहे, कपडे फाडायचे, केस मोकळे सोडायचे, तोंड झाकून "अशुद्ध, अशुद्ध" असं ओरडायचं आणि छावणीच्या बाहेर एकटं राहायचं. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईनं काय केलं होतं? जन्मापासनं आंधळा असलेल्या माणसाबद्दल तर शिष्यांनीच विचारलं की पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी, आणि येशूनं दोन्ही नाही म्हणून सांगितलं. या लोकांना येशू पश्चात्ताप कर असं म्हणत नाही. त्यांना तो बरं करतो, "मुली" म्हणून हाक मारतो, माघारी माणसांत पाठवतो. आमच्याकडं मात्र नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीला सुद्धा पहिल्यांदा पश्चात्तापाची प्रार्थना करायला लावतात, तेव्हा माझ्या पोटात कालवतं. तिनं कशाचा पश्चात्ताप करायचा?

मार्कच्या पहिल्या अध्यायातला तो कुष्ठरोगी माझा फार आवडता आहे. येशूनं त्याला हात लावला, मग तो शुद्ध झाला, क्रम परत तोच. पण त्या गोष्टीचा शेवट फार कमी लोक वाचतात. त्या माणसानं जाऊन सगळीकडं बोंबाबोंब केली आणि त्यामुळं येशूला उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर निर्जन ठिकाणी राहू लागला. म्हणजे जो बाहेर होता तो गावात आला आणि जो गावात होता तो बाहेर गेला. इब्री लोकांस पत्राच्या 13 व्या अध्यायात लिहिलंय की येशू वेशीबाहेर मेला. हे दोन्ही एकत्र वाचलं की मला तारणाचा अर्थ सगळ्यात साफ समजतो. बाहेरच्याला आत आणायची किंमत कुणीतरी स्वतः बाहेर जाऊन दिलीय.

आता ज्यावरनं हे सगळं लिहावंसं वाटलं ते सांगते. आमच्या ओळखीचा एक भाऊ आहे, नाव लिहीत नाही. एका पतसंस्थेत क्लार्क होता, खोट्या सह्या करून लोकांच्या ठेवी काढल्या, पकडला गेला, केस चालली, कळंब्याच्या जेलमध्ये शिक्षा भोगून आला. आता मार्केट यार्डात हमाली करतो, गुळाचे रवे उचलतो. दर रविवारी उपासनेला येतो, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या रविवारी त्याच्या बाकावर कुणी बसत नाही, पुढच्या बाकावर दाटीवाटीनं सहा-सात जण आणि मागं तो एकटा. ट्रे त्याच्यापर्यंत जातो, कुणी अडवत नाही, पण ते एकटं बसणं सगळ्यांना दिसतं. आता त्याला पुन्हा सभासद करून घ्यायचं का यावर बोलणं चाललंय. मंडळीचा कारभार बघणारे एक वडील मला म्हणाले, "ताई, मंडळीची काय अब्रू हाय का न्हाई? उद्या लोक म्हणतील हितं चोर पण चालतात." मी म्हटलं, "वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी कोण होतं? चोरच ना?" ते गप्प बसले, पण पटलेलं नव्हतं, आणि मला माहीत आहे की असल्या एका वाक्यानं असं काही पटत नसतं.

कारण दुसरी बाजू पण खरी आहे आणि ती मला टाळायची नाहीय. आमच्याच मंडळीतल्या एका म्हाताऱ्या आज्जींची ठेव त्या पैशात होती, नवऱ्याच्या मागं राहिलेलं तेवढंच. त्या मला म्हणाल्या, "देवानं माफ केलं आसंल त्येला, पर पैसं माझं गेल्यात." यावर मी काय बोलणार? त्यांना माफ करा असं सांगायचा मला काहीएक अधिकार नाही. कृपेबद्दल बोलताना आपण ज्याचं नुकसान झालं त्याच्या वतीनं माफी वाटून टाकतो, आणि मग लोकांना कृपा म्हणजे पाप केलेल्याला मिळालेली सवलत वाटायला लागते. तसं शास्त्रात कुठं नाही. जक्कयाला परत बघा. जुन्या करारात गणनाच्या पाचव्या अध्यायात नियम आहे की ज्याचं घेतलं त्याला पूर्ण परत द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर निर्गमाच्या पुस्तकात चौपट सांगितलंय. जक्कयानं स्वतःला पाचव्या हिश्श्यात बसवून घेतलं नाही, चोराचा दंड स्वतःवर लावून घेतला, आणि हे येशूनं न मागता. म्हणजे आधी जवळ घेतल्यामुळं तो स्वस्तात सुटला असं झालंच नाही, उलट कायद्यानं जेवढं काढून घेता आलं नसतं तेवढं त्यानं आपणहून काढून दिलं. हा भाऊ पण महिन्याच्या महिन्याला आज्जींच्या घरी जाऊन थोडे थोडे पैसे देतो. कोर्टानं सांगितलं म्हणून नव्हे. आज्जी त्याच्यासमोर मोजून घेतात, वहीत लिहितात, आणि आत ये म्हणत नाहीत. मला वाटतं दोघंही बरोबर करतायत.

व्यभिचारात धरलेल्या, लोक जिला दगडांनी मारायला निघाले होते त्या बाईच्या गोष्टीत सुद्धा येशूची दोन वाक्यं आहेत, मी तुला दोषी ठरवत नाही आणि यापुढं पाप करू नकोस, आणि त्यांची जागा बदलता येत नाही. ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, आणि संत ऑगस्टीननं तर लिहून ठेवलंय की काही जणांनी ती आपल्या प्रतींतनं काढून टाकली, आपल्या बायकांना पाप करायला मोकळीक मिळेल या भीतीनं. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे वाचलं की मला मंडळीतल्या त्या वडिलांची अब्रूची काळजी आठवते. माफीची भीती आजची नाहीय.

आणि पडलेल्याला परत घ्यायचं का, हा प्रश्न मंडळीनं फार जुन्या काळी एकदा सोडवलाय, ते आपल्याला कुणी सांगत नाही. 250 च्या सुमाराला देशियस नावाच्या रोमी सम्राटानं हुकूम काढला की सगळ्यांनी दैवतांना यज्ञ करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीनं यज्ञ केला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे लोक रडत परत आले. रोममध्ये नोव्हेशियन म्हणून एक विद्वान पाळक होता, तो म्हणाला यांना मंडळीत परत घ्यायचं नाही, देव काय करायचं ते करील. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस म्हणाले की प्रायश्चित्त होऊ दे, पण दार बंद करायचं नाही. नोव्हेशियननं वेगळी मंडळी काढली, स्वतःला शुद्ध म्हणवणारी. पुढं 325 ला नायसियाच्या बिशपांच्या परिषदेत ठरलं की त्या गटातल्या पाळकांना परत यायचं असेल तर छळात पडलेल्या आणि परत आलेल्या लोकांबरोबर सहभागिता ठेवीन असं लेखी द्यायचं. म्हणजे लेखी कुणाकडनं घेतलं? स्वतःला शुद्ध समजणाऱ्यांकडनं!

त्याच परिषदेत, कुणी जबरदस्ती केलेली नसताना विश्वास सोडलेल्यांसाठी प्रायश्चित्ताची मुदत पण ठरली. तीन वर्षं नुसतं ऐकणाऱ्यांत, सात वर्षं गुडघे टेकणाऱ्यांत, दोन वर्षं प्रार्थनेत सामील पण प्रभुभोजन नाही. बारा वर्षं होतात. आज वाचताना अंगावर येतं, मला तर फारच कडक वाटतं. पण त्याला शेवट होता, आणि मरणाच्या दारात असलेल्याला मुदत संपायच्या आधी सुद्धा प्रभुभोजन नाकारायचं नाही असंही तिथंच लिहिलंय. आमच्याकडं त्या शेवटच्या बाकाला मुदतच नाही. तो किती वर्षं तिथं बसला की पुढं यायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, वाळीत टाकलं तर शिक्षा होते, पण बाक रिकामा ठेवण्यावर कुठला कायदा लागणार, आणि लागून तरी काय होणार.

प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्रात नेमकं हेच लिहिलंय. तिथल्या कुणा माणसाला मंडळीनं शिक्षा केली होती. पौल म्हणतो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो अती दुःखात बुडून जाईल. दुसरा अध्याय, सहा ते आठ वचनं. शिस्तीवर एवढे उपदेश ऐकले पण या वचनांवर एकही ऐकलेला मला आठवत नाही.

पंडिता रमाबाईंची साक्ष या विषयात मला सगळ्यात जवळची वाटते. त्या इंग्लंडला होत्या तेव्हा लंडनमधल्या फुलहॅमला सिस्टर लोकांचं काम बघायला गेल्या, जिथं समाजानं पतित म्हणून टाकलेल्या बायकांना ठेवून घ्यायचे. रमाबाई शास्त्रं कोळून प्यालेल्या, अशा बाईला आपल्याकडं काय शिक्षा सांगितलीय ते त्यांना पाठ होतं. इथं त्याच बायका बदलून दुसऱ्या आजारी माणसांची सेवा करताना त्यांनी बघितल्या. हे लोक असं का करतात असं त्यांनी विचारल्यावर सिस्टरनं त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा, जिच्याशी येशू स्वतःहून बोलला. 1883 ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे एवढ्या मोठ्या विदुषीला वादात कुणी जिंकलं नाही, टाकलेल्या बायकांना जवळ घेतलेलं बघून तिचं मन वळलं. आणि पुढं केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली, बालविधवा यांच्याबरोबर अशा बायकांसाठी त्यांनी कृपासदन काढलं. त्या बायका अगोदर सुधारल्या की नाही हे बघून दार उघडलेलं नव्हतं.

तसं बघितलं तर कोल्हापूरला हे परकं नाही. कळंब्याच्या कैद्यांनी केलेले लाडू काही वर्षं अंबाबाईच्या देवळात प्रसाद म्हणून दिले जात होते आणि हजारो लोकांनी ते हात जोडून घेतले. कुणाच्या हातचे आहेत हे माहीत असून. मी ख्रिस्ती बाई आहे, माझा तो प्रसाद नाही, पण ती बातमी वाचली तेव्हा मला आमच्या मंडळीसाठी वाईट वाटलं होतं.

आता काय करायचं. एकट्यानं आत येता येत नाही हे तर उघड आहे, शौलाला सुद्धा आलं नाही, म्हणजे आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या आणि पुढं पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या माणसाला. तो यरुशलेमेत शिष्यांत मिसळायला बघत होता, सगळे त्याला घाबरत होते, त्याचा बदल कुणाला खरा वाटेना. बर्णबा नावाच्या शिष्यानं त्याला हाताला धरून प्रेषितांकडं नेलं, तेव्हा तो आत आला. बर्णबा नसता तर नव्या करारातली पौलाची पत्रं कुणी लिहिली असती? आणि हाच पौल म्हातारपणी, स्वतः तुरुंगात असताना, अनेसिम नावाच्या पळून आलेल्या गुलामासाठी त्याच्या मालकाला, फिलेमोनाला, चिठ्ठी लिहितो. माझ्यासारखंच त्याचं स्वागत कर म्हणतो. त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल तर ते माझ्या नावावर लाव, मी पौल स्वतःच्या हातानं लिहितो, मी फेडीन. जामीन राहतो बघा सरळ. नुसतं माफ कर म्हणून मोकळा होत नाही, आणि फिलेमोनाचं नुकसान झालंच नाही असंही म्हणत नाही.

म्हणून मी आणि आमच्या ह्यांनी ठरवलंय की पुढच्या मीटिंगला त्या भावाच्या सभासदत्वाचा अर्ज आम्ही मांडायचा, करिंथचं ते वचन तिथं वाचायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर कधीपर्यंत नाही ते तरी लिहून द्या असं मागायचं. प्रभुभोजनाला आम्ही दोघं त्याच्या बाकावर बसणार आहोत. आज्जींना मीटिंगला या म्हणून सांगितलंय, त्यांना जे बोलायचं ते त्यांनी सगळ्यांसमोर बोलावं, त्याच्याबाजूनं असो नाहीतर विरुद्ध.

आणि एक काम आहे. हमालीत त्याची कमाई रोजच्यावर आहे, आणि पाठ दुखायला लागलीय. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा गावात कुठंही स्टोअरमध्ये, पॅकिंगमध्ये, बेकरीत काम असेल तर मला सांगा. पैशाच्या व्यवहाराचं काम नको असं तो स्वतःच म्हणतो. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये जे निघेल ते तो पहिल्याच दिवशी स्वतः सांगेल, आणि हमी म्हणून सही लागली तर आम्ही दोघं करू.